बेंगळुरूचा करग : मोगऱ्याचा घट आणि तळ्याची आठवण

चैत्र पौर्णिमेच्या रात्री बेंगळुरूच्या जुन्या पेठेतील धर्मराय स्वामींच्या मंदिरातून ‘करग’ बाहेर पडतो, तेव्हा रस्त्यावर दुतर्फा उभी असलेली गर्दी क्षणभर स्तब्ध होते. स्त्रीवेश धारण केलेला पुजारी मोगऱ्याच्या फुलांनी मढविलेला उंच घट मस्तकी तोलून, वाद्यांच्या तालावर पावले टाकीत निघतो. सभोवती तलवारी उपसलेले वीरकुमार असतात. हा घट म्हणजे आदिशक्ती द्रौपदीचे रूप, अशी श्रद्धा आहे.

या सोहळ्याचे कलावंत कोणी व्यावसायिक नव्हेत; ते तिगळ समाजातील आहेत. फुले व भाजीपाला पिकविणे हा त्यांचा पिढीजात व्यवसाय. ज्या तळ्यांच्या पाण्यावर शहराभोवतीचे मळे फुलत, त्यांपैकी संपंगी तळ्याच्या जागी पुढे कंठीरव क्रीडांगण उभे राहिले. तळ्याचा उरलेला लहानसा कोपरा मात्र आजही करगाच्या विधीसाठी जपलेला आहे.

रात्रभर चालणारी ही मिरवणूक वाटेत तवक्कल मस्तान यांच्या दर्ग्यातही थांबते. मळे गेले, तळे बुजले; परंतु त्यांची वाट या पावलांनी पुसू दिलेली नाही. चैत्रात बेंगळुरूस जाण्याचा योग आला, तर ही एक रात्र वाचकांनी अवश्य जागून काढावी.