सुरू न होणाऱ्या संगणकातील फाईलींची पुनर्प्राप्ती : एक विवेचन

प्रस्तावना :
अंतर्गत मूल्यमापनाचे गुण, नॅकचे अहवाल, संशोधन प्रबंधांचे मसुदे हे सारे आज संगणकात साठविलेले असते. एखाद्या दिवशी संगणक सुरूच होत नाही आणि दुरुस्तीस आलेली व्यक्ती 'फॉरमॅट करावा लागेल' असे सांगते. घाईने दिलेली संमती हीच पुष्कळदा खऱ्या नुकसानीचे कारण ठरते. संगणक सुरू न होणे व त्यातील माहिती नष्ट होणे या भिन्न घटना आहेत, हे प्रस्तुत लेखात स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

संगणक सुरू होण्याची प्रक्रिया :
कळ दाबताच मदरबोर्डवरील बायोस, किंवा नव्या संगणकांतील यूईएफआय, यंत्रभागांची तपासणी करते. त्यानंतर डिस्कवरील एक लहान प्रोग्राम विंडोजसारखी कार्यप्रणाली मेमरीत आणतो. यातील एक कडी तुटली तरी संगणक थांबतो. आपल्या फाईली या साखळीचा भाग नसतात; त्या बहुधा जागच्या जागी शाबूत असतात.

लक्षण एक, अवस्था दोन :
१९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा प्रणालीच्या सदोष अद्ययावतीकरणामुळे जगभरातील सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले. तेथे फाईली सुरक्षित होत्या. एक सदोष फाईल काढताच संगणक पूर्ववत झाले.

याउलट, २७ जून २०१७ रोजी 'नॉटपेट्या' या विषाणूने मर्स्क समूहाची यंत्रणा जगभर ठप्प केली. नवी मुंबईनजीक न्हावा शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील त्या समूहाच्या टर्मिनलचे कामकाजही विस्कळीत झाले. या विषाणूने डिस्कचा आरंभीचा भाग बदललाच, शिवाय फाईलींची सूचीही कूटबद्ध केली. खंडणी देऊनही ती उलगडणे शक्य नव्हते. समूहाच्या जाळ्याची पुनर्बांधणी शक्य झाली ती घानातील एका सर्व्हरमुळे. वीज गेल्याने तो त्या वेळी जाळ्यापासून तुटलेला होता.

पुनर्प्राप्तीचा क्रम :
१) डिस्कमधून टकटक आवाज येत असल्यास वीजपुरवठा त्वरित बंद करावा व ती तज्ज्ञाकडे सोपवावी. वारंवार प्रयत्न केल्यास पृष्ठभागास इजा होते.
२) आवाज नसल्यास दुसऱ्या संगणकावर उबुंटूसारख्या लिनक्स प्रणालीचा पेनड्राइव्ह तयार करावा. बंद संगणक त्यावरून, प्रणाली स्थापित न करता, सुरू करून फाईली बाह्य डिस्कवर उतरवाव्यात.
३) बिटलॉकर कार्यान्वित असल्यास ४८ अंकी पुनर्प्राप्ती क्रमांक लागतो. तो आधीच लिहून ठेवणे इष्ट.
४) डिस्क वाचताना अडखळत असल्यास डीडीरेस्क्यूने प्रथम तिची संपूर्ण प्रत घ्यावी. टेस्टडिस्क, फोटोरेक ही साधने त्या प्रतीवरच वापरावीत.
५) मूळ डिस्कवर काहीही नव्याने लिहू नये. एसएसडीमध्ये फॉरमॅटनंतर ट्रिम या प्रक्रियेमुळे जुनी माहिती बहुधा कायमची जाते.

निष्कर्ष :
दुरुस्तीपूर्वी फाईलींची प्रत, हा या विवेचनाचा सारांश होय. तथापि नॉटपेट्यासारख्या प्रसंगी कोणतेही साधन पुरे पडत नाही. जाळ्यापासून अलग ठेवलेली प्रतच कामी येते. मर्स्कला ती योगायोगाने लाभली. प्रत्येक विभागाने महत्त्वाच्या फाईली आठवड्यातून एकदा बाह्य डिस्कवर घेऊन ती डिस्क संगणकापासून सोडवून कपाटात ठेवल्यास योगायोगावर विसंबावे लागणार नाही.