अंधांचे रेखाटन : साधने आणि तंत्र

चित्र काढणे हा केवळ डोळसांचा व्यापार आहे, अशी समजूत सर्वत्र रूढ आहे. डोळ्यांना जे दिसते ते कागदावर उतरविणे म्हणजे चित्र, अशी व्याख्या गृहीत धरली की अंधाला त्यात स्थानच उरत नाही. परंतु या व्याख्येतून एक महत्त्वाची गोष्ट निसटते. रेषेने दाखविली जाते ती मुख्यत: वस्तूची कड, आणि कड ही डोळ्याला दिसते तशी बोटालाही लागते. टेबलाचा कोपरा, वाटीचा काठ, पायरीची धार यांचे ज्ञान स्पर्शाने उत्तम होते. रंग आणि छाया यांविषयी असे म्हणता येणार नाही. पण रेषाचित्र अंधाच्या आवाक्याबाहेरचे नाही. अडचण आहे ती साधनाची. पेन्सिलीची रेघ बोटाला लागत नाही. आणि आपण काय काढले हे ज्याला कळत नाही, त्याला पुढची रेघ कोठून न्यावी हेही कळत नाही.

साधने

उठावाची रेघ काढण्याचा एक साधा उपाय म्हणजे जाड कागद मऊ बैठकीवर ठेवून त्यावर दातेरी चक्री फिरविणे. शिंपी कापडावर खुणा करण्यासाठी वापरतो तशीच ही चक्री असते. तिच्या दाबाने कागदाच्या दुसऱ्या बाजूस ठिपक्यांची रांग उठते. यात दोष असा की, काढलेली आकृती चाचपण्यासाठी कागद उलटावा लागतो आणि मग डावे ते उजवे होते. ब्रेल पाटीवर लिहिताना हीच अडचण असते, म्हणून तेथे उजवीकडून डावीकडे लिहितात. अक्षरांच्या बाबतीत ही उलटापालट सवयीने साधते. चित्रात मात्र ती विचाराचा धागा तोडते.

हा दोष रबरी फलकाने दूर होतो. फलकावर प्लॅस्टिकचा पातळ ताव बसवून त्यावर बॉलपेनने किंवा बोथट टोकाच्या लेखणीने दाब दिला असता, ताव ताणला जाऊन रेघ त्याच बाजूस, जागच्या जागी वर येते. एका हाताने काढावे आणि दुसऱ्या हाताने लगेच तपासावे, ही सोय येथे प्रथम पदरात पडते. रेघ खोडणे मात्र कठीण. त्यासाठी उष्णतेने उठाव सपाट करणारी उपकरणेही पुढे निघाली. भूमितीसाठी खाचा पाडलेली पट्टी, उठावाच्या खुणांचा कोनमापक आणि एका पायास चक्री जोडलेला कंपास वापरतात. आलेखासाठी फळीवर टाचण्या टोचून त्यांना रबरबँड अडकविले तरी काम भागते.

याहून निराळा वर्ग आहे तो तयार आकृत्या पुरविणाऱ्या साधनांचा. फुगणाऱ्या कागदावर सूक्ष्म कोशांचा थर असतो. त्यावर काळ्या शाईने आकृती छापून कागद तापविला की काळा भाग अधिक उष्णता शोषतो आणि तेवढाच फुगून वर येतो. साच्यावर प्लॅस्टिकचा पत्रा तापवून बसविण्याची पद्धतही प्रचारात आहे. दिल्लीच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत त्रिमितीय मुद्रणाने असे साचे घडविण्याचे काम झाले आहे. ही साधने वाचनासाठी मोलाची आहेत. पण आकृती दुसऱ्याने काढलेली असते, हा भेद विसरता कामा नये.

तंत्र

डोळा आकृती एका दृष्टिक्षेपात ग्रहण करतो. बोट ती तुकड्यातुकड्यांनी ग्रहण करते. म्हणून दोन्ही हातांची कामे वाटून घ्यावी लागतात. एक हात रेघ काढतो, तर दुसरा आरंभबिंदू धरून ठेवतो किंवा रेघेच्या मागोमाग जातो. ब्रेलच्या एका अक्षरातील ठिपक्यांत सुमारे २.५ मिलिमीटर अंतर असते; आकृतीतील रेघांत निदान ३ मिलिमीटर अंतर राखणे श्रेयस्कर, अन्यथा त्या एकमेकींत मिसळतात. अनावश्यक तपशील गाळणे हेही येथे तंत्राचेच अंग होय.

प्रायोगिक पुरावा

टोरांटो विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ जॉन केनेडी यांनी या विषयाचा दीर्घकाळ अभ्यास केला. त्यांचा ‘ड्रॉइंग अँड द ब्लाइंड’ हा ग्रंथ १९९३ साली प्रसिद्ध झाला. पूर्वी क्वचितच रेखाटन केलेल्या अंध व्यक्तींनीही वस्तूंच्या कडा रेषांनी दाखविल्या, असे त्यांना आढळले. फिरते चाक दाखविण्यासाठी एका अंध स्त्रीने आरे वक्र काढले. तेव्हा केनेडी यांनी वक्र, नागमोडी, तुटक अशा निरनिराळ्या आऱ्यांची चाके इतर अंधांपुढे ठेवली. कोणते चाक कोणती गती सुचविते, याविषयी अंध आणि डोळस यांची उत्तरे पुष्कळच जुळली.

तुर्कस्तानातील चित्रकार एश्रेफ आर्मागान (जन्म १९५३) यांचे उदाहरण असामान्य आहे. अगदी आरंभापासून अंध असूनही ते यथार्थदर्शनाच्या नियमांनी, म्हणजे दूरचे लहान दाखवून, चित्रे काढतात. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, ते हाताने चाचपलेल्या वस्तूचे रेखाटन करीत असताना त्यांच्या मेंदूतील दृष्टिक्षेत्र कार्यरत झाल्याचे आढळले. एका प्रतिभावंतावरून सर्वांविषयी अनुमान काढणे युक्त नव्हे; परंतु डोळ्यांवाचून अवकाशाची रचना चित्रात बांधता येते, एवढे यातून नि:संशय ठरते.

शिक्षणातील स्थान

शालेय परीक्षांत दृष्टिहीन विद्यार्थ्यांना आकृतीच्या प्रश्नाऐवजी पर्यायी प्रश्न देण्याची सोय असते. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या प्रश्नपत्रिकांत ती आढळते. परीक्षेपुरती ही सवलत न्याय्यच आहे. परंतु परीक्षेत आकृती नाही म्हणून वर्गातही ती नको, असा अर्थ केला गेला, तर त्या विद्यार्थ्याची हानी होते. त्रिकोणाचा गुणधर्म पाठ करणे आणि त्रिकोण स्वत: काढून तो ताडून पाहणे यांत मोठे अंतर आहे. चुकलेली आकृती शिक्षकालाही विद्यार्थ्याच्या मनातील गैरसमज दाखविते. तोंडी उत्तरात तो पुष्कळदा झाकला जातो. तयार आकृत्यांनी अंध विद्यार्थी वाचक होतो. रबरी फलक आणि लेखणी हाती दिल्याने तो लेखक होतो. भाषाशिक्षणात वाचनाबरोबर लेखन आवश्यक मानले जाते. आकृतीच्या बाबतीत निराळा न्याय लावण्यास कोणतेही सबळ कारण दिसत नाही.