प्रोग्रामरांच्या कार्यक्षमतेतील तफावत
1968 साली अमेरिकेत सॅकमन, एरिक्सन व ग्रँट यांनी बारा अनुभवी प्रोग्रामरांवर केलेल्या प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. बीजगणिताच्या एकाच प्रश्नासाठी स्वतः लिहिलेल्या आज्ञावलीतील चुका शोधून दुरुस्त करण्यास एकाला 170 तास, तर दुसऱ्याला अवघे 6 तास लागले, आणि त्यावरून अठ्ठावीसपट कर्तबगारीची कथा सर्वत्र रूढ झाली. वस्तुतः सर्वांची संगणकभाषा व कामाची पद्धत सारखी नव्हती, म्हणून तो आकडा जसाच्या तसा ग्राह्य धरणे न्याय्य नव्हे. तफावत मोठी असते, हे मात्र निर्विवाद.

तिचे मूळ बोटांच्या वेगात नाही. देवळ्याच्या बाजारात विकलेल्या कांद्याची हिशेबपट्टी करणारी आज्ञावली घ्या. वजनास भावाने गुणून हमाली, तोलाई वजा करायची, एवढेच काम; परंतु एक जण हमाली-तोलाईचे दर ठिकठिकाणी लिहून ठेवतो, दुसरा ते एकाच तक्त्यात ठेवून सर्व हिशेब तेथूनच घेतो, आणि हमालीचा दर बदलला की दुसऱ्याचे काम एका नोंदीत उरकते, तर पहिल्याचा दिवस शोधाशोधीत जाऊन, एखादी जागा नजरेतून सुटल्यास, शेतकऱ्याच्या हाती चुकीची पट्टी पडते. ओळींची मोजदाद केल्यास पहिलाच उद्योगी ठरेल, आणि हा मोठाच अन्याय होय.

शिवाय परिस्थितीचाही वाटा असतो : डीमार्को व लिस्टर यांनी 1980च्या दशकात घेतलेल्या प्रोग्रामरांच्या स्पर्धांत अग्रेसर ठरलेल्यांच्या कामाच्या जागा इतरांहून शांत व प्रशस्त होत्या.