गळाच्या आमिषाला घरचा रंग

मरळ किंवा जिताड्यासाठी मऊ प्लास्टिकचं आमिष, म्हणजे सॉफ्ट लुअर वापरत असाल, तर ते घरी ओतून पाहावंसं कधीतरी वाटतंच. ओतणं त्यामानाने सोपं, खरी मेहनत रंगात आहे.

या प्लास्टिकमध्ये तेलकट द्रव मुरलेला असतो. त्यामुळे वरून लावलेला साधा रंग धरत नाही, सोलून निघतो. रंग आतच मिसळावा लागतो. प्लास्टिसोल नावाचं दुधाळ मिश्रण साधारण १७५ अंश सेल्सिअसला पारदर्शक आणि पातळ होतं. त्यासाठी मिळणारा रंग थेंबाथेंबाने घाला. चमकी तळाशी बसते, म्हणून दरवेळी ढवळूनच ओता.

थर्मामीटर हवाच. मिश्रण जास्त तापलं की पिवळं पडतं, फिकट रंग वाया जातात आणि झोंबणारा हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो. म्हणून स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्ह, भांडी यासाठी अजिबात नकोत. काम अंगणात, मुलांना लांब ठेवून, हातमोजे आणि चष्मा घालून करा. साच्यात पाण्याचा थेंब राहिला तरी गरम प्लास्टिक अंगावर उडतं.

गढूळ पाण्यासाठी काळा किंवा भडक पोपटी, नितळ पाण्यासाठी अर्धपारदर्शक करडा रंग पुरे. बाकीच्या छटा बहुधा माशापेक्षा आपल्यालाच भुरळ घालतात!

साच्यातून काढलेलं आमिष सपाट ठेवून गार होऊ द्या. वाकडं राहिलं, तर पाण्यात गरगर फिरतं. कडेचं जास्तीचं प्लास्टिक कात्रीने कापा. प्रत्येक रंगाची पिशवी वेगळी ठेवा, नाहीतर काळा पांढऱ्यात उतरतो.