डोळ्यात सुई आणि पुढच्या महिन्याची तारीख

रेटिनाच्या, म्हणजे डोळ्याच्या पडद्याच्या, ओपीडीत सर्वांत जास्त वेळ जातो तो डोळे मिटून बसण्यात. सिस्टर बाहुली मोठी करायचे थेंब घालते, "मिटून ठेवा" म्हणते आणि दहा मिनिटांनी पुन्हा येते. २०२१ च्या जूनमध्ये कोल्हापुरातल्या एका डोळ्यांच्या रुग्णालयात मी ही रांग पाहत बसे. तोंडाला मास्क, डोळे बंद, मांडीवर रिपोर्टची प्लास्टिकची पिशवी. पिशवीत डोळ्यांचे कागद थोडेच. छातीचा एचआरसीटी, डी-डायमर, कोविड सेंटरचं डिस्चार्ज कार्ड हेच जास्त.

राज्यात कोरोनाची दुसरी लाट ओसरू लागली तरी कोल्हापुरात जुलैपर्यंत रुग्ण सापडतच होते. फुप्फुसाच्या दुखण्यातून वाचलेले काही जण मग या बाकावर येऊन पोचत. शिरोळ तालुक्यातले एक मामा त्यांतलेच. ऑक्सिजनवरून सुटून घरी आले आणि उजव्या डोळ्यापुढं धूर आल्यागत दिसायला लागलं. "अशक्तपणा आसंल म्हटलं. अंगातच जीव न्हवता, डोळ्यात कुठनं येणार?" मग त्यांनी चष्म्याचा नंबर बदलून पाहिला. त्यात तीन आठवडे गेले.

मशीनवर हनुवटी टेकवली की ओसीटी, म्हणजे पडद्याचा स्कॅन, दोन मिनिटांत होतो. पडद्याचा उभा छेद स्क्रीनवर येतो, थरांवर थर. मधोमध, जिथं नजर सर्वांत तीक्ष्ण असते, तिथं जाडी साधारण अडीचशे मायक्रॉन असते. मामांची सहाशेच्या पुढं होती. खाली काळे पोकळ फुगे दिसत होते, ते साठलेलं पाणी. शेजारच्या फोटोत सगळा पडदा लाल फराट्यांनी भरलेला.

डॉक्टरांनी मामांना त्यांच्याच भाषेत सांगितलं, "पाट पुढं तुंबला की पाणी बांध फोडून रानात शिरतंय का न्हाई? तसं झालंय." पडद्यातलं रक्त परत नेणारी मुख्य शीर एकच असते. ती अडली की मागं दाब वाढतो, बारीक वाहिन्या फुटतात, झिरपतात. कोरोना रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला सुजवतो आणि रक्ताची गोठण्याची ओढ वाढवतो. डी-डायमर ही गोठण्याची तपासणी पाहत रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या दिल्या जात होत्या त्या म्हणूनच. धमनी बंद पडली तर मात्र गोष्ट फार लवकर संपते. पडद्याला रक्तच पोचत नाही आणि काही तासांत गेलेली नजर बहुधा परत येत नाही. शीर अडली तर निदान डॉक्टरांच्या हातात काही उरतं.

हे कोरोनानंच केलं का? मामांना बीपी जुनंच, गोळी आठवण झाली तर घेणार. स्टेरॉइडनंतर साखरही वर गेलेली. शीर अडायला यांतलं एखादं कारणही पुरतं. एका रुग्णाकडं बोट दाखवून ठाम सांगता येत नाही आणि मला ते न सांगणारे डॉक्टरच जास्त भरवशाचे वाटले. त्यांनी मामांना आधी फिजिशियनकडं धाडलं आणि बजावलं, रक्त पातळ करायची गोळी मनानं बंद करायची नाही.

"डोळ्यात सुई मारणार व्हय?" हा प्रश्न बाकावर प्रत्येकाचाच. ऑपरेशन थिएटरमध्ये आधी बधिर करणारे थेंब. मग पापण्यांना आणि थेट डोळ्यात बीटाडीन. जंतू आत गेला तर डोळाच जाऊ शकतो, म्हणून इथं घाई चालत नाही. तोंडावर कापड, पापण्या उघड्या ठेवणारी तार. कॅलिपरनं बुबुळाच्या कडेपासून मोजून खूण करतात: मोतीबिंदू काढलेला असेल तर साडेतीन मिलिमीटर, नैसर्गिक भिंग असेल तर चार. त्याच्या पुढं पडदा, अलीकडं भिंग. सुईला वाट एवढीच. "मामा, खाली पायाकडं बघा. हलायचं न्हाई." तीस नंबरची सुई आत जाते, ०.०५ मिलिलिटर औषध सुटतं, सुई बाहेर, जागेवर कापसाची काडी. "किती बोटं?" "दोन." झालं.

हे औषध शिरेतली रक्ताची गाठ विरघळवत नाही, हे रुग्णाला पटवणं सुईपेक्षा अवघड. ऑक्सिजनला मुकलेला पडदा व्हीईजीएफ नावाचं प्रथिन सोडतो, त्यानं वाहिन्या आणखी झिरपतात; औषध तेवढं थोपवतं. यातलं स्वस्त औषध बेव्हॅसिझुमॅब. अमेरिकेत २००४ साली ते आतड्याच्या कॅन्सरसाठी मंजूर झालं आणि २००५ मध्ये मायामीच्या फिलिप रोझेनफेल्ड यांनी ते डोळ्यात वापरून पाहिलं. खास डोळ्यासाठी बनवलेली रॅनिबिझुमॅब, अफ्लिबरसेप्ट त्याच्या कितीतरी पट महाग. कोविडच्या बिलानं आधीच मोडलेल्या घराला कोणतं सुचवायचं, हे डॉक्टर पिशवीतल्या कागदांवरूनही ओळखत.

असर महिनाभराचा, म्हणून पुढच्या महिन्याची तारीख. मामांची दुसरी तारीख जुलैच्या शेवटच्या आठवड्यात होती आणि त्याच आठवड्यात महापूर आला. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट. पाणी पन्नाशीच्या पार गेलं, शिरोलीजवळ महामार्ग बंद. मामा ऑगस्टमध्ये उगवले तेव्हा पहिल्या इंजेक्शननं उतरलेली सूज पुन्हा चढली होती. या उपचारात सुई काही सेकंदांची. खरं काम परत येण्याचं आहे. ते एसटी, रस्ता, सोबतीला येणाऱ्या पोराची रजा यांवर अवलंबून, आणि त्याची सोय कुठल्याच प्रिस्क्रिप्शनवर लिहिता येत नाही.

काहींना या इंजेक्शनऐवजी डेक्सामेथासोनची बारीक कांडी डोळ्यात सोडतात, ती काही महिने विरघळत राहते. कोविडमध्ये ज्यानं जीव वाचवला आणि साखर चढवली, तेच हे स्टेरॉइड. पण त्यानं डोळ्याचा दाब वाढू शकतो. सूज उतरूनही सुटका नसते: उपाशी पडद्यामुळं बुबुळावर नको त्या वाहिन्या उगवल्या की काचबिंदू होऊ शकतो, मग लेसर. मामांना हिवाळ्यात तक्त्यावरच्या आणखी तीन ओळी वाचता आल्या, शेवटच्या नाहीत.

एक डोळा अधू झाला तरी दुसरा काम चालवून नेतो, म्हणून ते कळत नाही. मोठ्या आजारातून उठलेलं कोणी घरात असेल, बीपी-साखर असेल, तर आठवड्यातून एकदा एकेक डोळा तळहातानं झाकून भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लावा. एका डोळ्याला अचानक अंधुक किंवा काळं दिसलं तर चष्म्याच्या दुकानात जाऊ नका. त्याच दिवशी पडदा तपासणारा डॉक्टर गाठा.