नाताळच्या गीतांची पट्टी

मुंबईच्या सेंट थॉमस कॅथेड्रलमध्ये पाइप ऑर्गन आहे. नांदेड-लातूरकडच्या मंडळीत मात्र नाताळची उपासना बहुधा हार्मोनियम नाहीतर कीबोर्डवरच होते. वाजवणाऱ्याचं काम तेच, सगळ्या मंडळीला एका सुरात नेणं. म्हणून गीताची पट्टी निवडताना आधी गळा पाहावा, बोटं नंतर.

‘सायलेंट नाइट’ 1818 साली ऑस्ट्रियातल्या ओबर्नडॉर्फ गावी प्रथम गायलं गेलं, तेही गिटारच्या साथीवर. चाल सोपी वाटते, पण मध्य षड्जापासून थेट तार मध्यमापर्यंत जाते. पांढरी एक धरली तर शेवटच्या चढावर मंडळी गप्प होते. खालची काळी पाच किंवा पांढरी सहा घ्यावी. डिसेंबरच्या थंडीत, रात्रीच्या उपासनेला तर नक्कीच. ‘जॉय टू द वर्ल्ड’ एका सप्तकात मावतं, त्याला पांढरी दोन चालते. मात्र ते तार षड्जावरच सुरू होऊन सरळ खाली उतरतं, म्हणून तो पहिला सूर आधी ठळक ऐकवावा.

आता हाताचं गणित. 1842 साली पॅरिसमध्ये देबँ यांनी पेटंट घेतलेली हार्मोनियम पायाने भाता मारायची होती, दोन्ही हात मोकळे. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी भाता हाताकडे आणला आणि डावा हात त्यात गुंतला. त्यामुळे गीतपुस्तकातले चारही आवाज हातपेटीवर निघत नाहीत. उजव्या हाताने मुख्य चाल आणि तिच्या खालचा एक आवाज, एवढं पुरे. षड्ज धरून ठेवणारा खटका इथे बंद ठेवावा. स्वरसंगती पंचमाकडे वळली की तो टोचतो.

सराव करताना गीत आधी स्वतः म्हणावं. श्वास कुठे घ्यावा लागतो तेव्हाच कळतं, आणि बोटं तिथेच उचलायची असतात. भाता मात्र थांबवायचा नाही. मग नुसती चाल, मग खालचा आवाज. कडव्यांमधली विश्रांती दर वेळी सारखीच ठेवावी, नाहीतर मागचे बाक उशिरा उचलतात.

ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांच्या (1861–1919) भजनांना रीत उलटी. तिथे गाणारा पुढे, पेटी त्याच्या मागे. तबला, झांज असताना जोडसूर नकोतच. नाताळच्या उपासनेत असं एक तरी भजन असावंच. न वाचता म्हणणारी माणसं तिथे खुलतात.

कीबोर्ड वापरत असाल तरी पेटी शेजारी हवी, वीज जाते. जुनी पेटी कीबोर्डशी तंतोतंत जुळेलच असं नाही. कीबोर्डचा सूर आदल्या दिवशीच पेटीला मिळवून घ्यावा.