एफएम आणि चोखंदळ कान

खरखर कुठे जाते?

मध्यम लहरींवर गाणे ऐकताना बाहेर वीज चमकली की रेडिओत कडकड व्हायची, स्वयंपाकघरात मिक्सर लागला की घरघर. तिथे आवाजाची माहिती लहरीच्या उंचीत साठवलेली असते आणि वीज, मोटरी, ठिणग्या नेमक्या त्या उंचीलाच धक्का लावतात. अमेरिकी अभियंता एडविन आर्मस्ट्राँग यांना १९३३मध्ये ज्या एफएम पद्धतीची पेटंट मिळाली, तिच्यात उंची कायम राहते, बदलते ती वारंवारता. त्यामुळे रिसीव्हर उंचीतले चढउतार बेलाशक छाटतो आणि त्यांच्यासोबत बरीचशी खरखरही जाते.

एफएमवर १५ किलोहर्ट्झपर्यंतचे स्वर पोहोचतात. भारतातल्या मध्यम लहरींवर ही मर्यादा जेमतेम साडेचार-पाच किलोहर्ट्झची. तानपुऱ्याची जवारी, तबल्याच्या चाटेवरचा खणखणीत ‘ना’ यांची लज्जत असते ती याच वरच्या भागात.

ट्यूनरवेडे

१९६१मध्ये अमेरिकेत एफएम स्टिरिओची पद्धत ठरली आणि हौशी मंडळींच्या दिवाणखान्यात स्वतंत्र ट्यूनर आले. मरँट्झच्या ‘१० बी’मध्ये तर चक्क छोटा ऑसिलोस्कोप बसवलेला होता, इमारतींवर आपटून येणारे उलटसुलट सिग्नल त्यावर दिसत. पुढे सान्सुई, केनवूड, यामाहा यांच्यात जणू चढाओढच लागली. त्या काळातले उत्तम ट्यूनर आजही जुन्या बाजारात शोधले जातात.

‘शुद्ध अ‍ॅनलॉग’चा भ्रम

एफएमचा आवाज ‘उबदार’ असतो कारण तो अ‍ॅनलॉग असतो, असे हे हौशी लोक सांगतात. मला ते पटत नाही. बीबीसीने १९७२पासून स्टुडिओतला आवाज ट्रान्समीटरपर्यंत १३ बिटांच्या डिजिटल रूपात पाठवायला सुरुवात केली होती. सीडी बाजारात आली १९८२मध्ये. म्हणजे ज्या ब्रिटिश प्रसारणाची श्रोते वाखाणणी करत होते, ते सीडीच्या दहा वर्षे आधीच आकड्यांत मोडून पुन्हा जोडलेले होते! आवाज चांगला होता तो अभियंत्यांच्या काटेकोरपणामुळे.

बिघडते कुठे?

स्टुडिओत. १९७५मध्ये रॉबर्ट ऑर्बन यांचा ‘ऑप्टिमॉड’ हा प्रोसेसर आला. हळू आवाज वर उचलायचा, मोठा दाबायचा, म्हणजे डायल फिरवताना आपले केंद्र सगळ्यांत दणदणीत वाटते. गाडीत ऐकणाऱ्याची त्यात सोयच आहे. इंजिनाच्या आवाजात हळुवार जागा कुणाला ऐकू येणार? पण विलंबित ख्यालातली पहिली कुजबुजती आलापी आणि द्रुतातली तान एकाच पातळीवर आली की गायकाने तासभर रचलेला चढ सपाट होतो. बीबीसीच्या ‘रेडिओ ३’ची कीर्ती टिकली त्यामागे ही दाबादाब तिथे कमी होते, हेही एक कारण आहे.

पुढे काय?

नॉर्वेने २०१७मध्ये राष्ट्रीय वाहिन्यांचे एफएम बंद केले, स्वित्झर्लंडच्या सार्वजनिक प्रसारकाने २०२४च्या अखेरीस. त्याऐवजी आलेल्या डिजिटल रेडिओत खरखर नाही, पण एका पट्ट्यात जास्त वाहिन्या कोंबल्या की प्रत्येकीच्या वाट्याला डेटा कमी येतो. ब्रिटनमध्ये कित्येक डिजिटल वाहिन्या मोनो आहेत.

भारतात एफएम १९७७मध्ये चेन्नईला, तेव्हाच्या मद्रासला, सुरू झाले आणि इथे ते अजून वाढतेच आहे. एप्रिल २०२३मध्ये १०० वॉटचे ९१ ट्रान्समीटर एकाच दिवशी सुरू झाले. अर्थात हा विस्तार पोहोचण्यासाठी आहे, चोखंदळ कानांसाठी नव्हे. आकाशवाणीची शास्त्रीय संगीताची ‘रागम’ वाहिनी ऐकायची तर बहुतेक ठिकाणी आजही डीटीएच लावावे किंवा अ‍ॅप उघडावे लागते.

पैसे कुठे घालावेत?

महागड्या ट्यूनरआधी गच्चीवर चांगला अँटेना लावा आणि त्याचे तोंड ट्रान्समीटरकडे करा. स्टिरिओला मोनोपेक्षा बराच ताकदवान सिग्नल लागतो. तो मिळत नसेल तर मोनोचे बटण दाबा, खरखर लगेच उतरेल. एवढे करूनही गाणे सपाटच वाटले, तर दोष तुमच्या संचाचा नाही. केंद्राला पत्र लिहा.